साडेचार तासांचं लंडन

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर पुष्कळांनी माझी समजूत घालायचा प्रयत्न केला, आणि समजूत घालून घेण्याचा मला भारी राग आहे. मी पोलादपूरच्या हायस्कुलात गणित शिकवते. आठवीला वेग, अंतर आणि वेळ हे प्रकरण दरवर्षी माझ्याकडेच असतं. तरीसुद्धा चूक माझीच होती.

धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते. ती आणि तिचा नवरा लंडनला असतात. पहिलं बाळंतपण, तिकडे जवळचं कुणी नाही, म्हणून अम्माने जायचं ठरलं. अब्बा जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून अम्मा महाडला माझ्याकडेच असते. तिकीट मिळालं ते नेमकं रमजानमधलं. बहिणीने निरोप पाठवला, "आपा, सव्वादहाला मुंबईहून निघेल, पावणेतीनला इथे उतरेल." मी तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली. साडेचार तास.

आता कुणी म्हणेल, शिकलेली बाई, लंडन साडेचार तासांवर आहे असं तिला वाटलंच कसं? त्याचं कारण आमच्या महाडात आहे. आमच्या मोहल्ल्यात विमान म्हणजे आखात. प्रत्येक घरातला एक तरी माणूस मस्कत, दुबई नाहीतर कुवेतला. अब्बांनी स्वतः अठरा वर्षं मस्कतला काढली. विमानात बसला की जेवण येतं, जेवण आवरेस्तोवर विमान उतरतं. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं, तेही दोन दिवसांनी आठवलं तर. मस्कत तीन तास, मग लंडन त्याच्या थोडं पुढे, साडेचार तास. मला ते इतकं बरोबर वाटलं की मी दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नाही. अम्मा तर हसलीच. "म्हंजे महाडहून मुंबईला जायला लागतो तेवढाच येळ की गो. मग लंडन ते काय लांब?"

अम्माला साखरेचा आजार आहे. रोज इन्सुलिनची दोन इंजेक्शनं. त्याआधीच्या रमजानमध्ये दुपार कलताना, असरच्या नमाजाच्या सुमाराला ती मागल्या दारी टाकीजवळ पडली होती. मी शाळेतून आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, अंगावरची ओढणी घामाने पिळून काढावी अशी भिजलेली, आणि मला ओळखत नव्हती. माझ्याकडे बघून "तुमी कोन?" म्हणाली. ते दोन शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. साखरपाणी तोंडात घातल्यावर दहा मिनिटांनी माणसात आली. त्या दिवसापासून तिची सगळी वेळ मी माझ्या हातात घेतली. किती वाजता काय खायचं, कधी टोचायचं, रोजा कुठल्या दिवशी ठेवायचा, कुठल्या दिवशी नाही, सगळं मी सांगायची. तीही कुरकुर करत ऐकायची.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. प्रवास सहा तासांपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी रोजा नको, आणि इंजेक्शन निम्मं. मी म्हणाले, "नाही डॉक्टर, साडेचारच तास आहे." ते म्हणाले, "मग हरकत नाही, नेहमीसारखं घेऊ द्या." त्यांना वाटलं ती मस्कतला चालली आहे. मी लंडन म्हणाले नव्हते, त्यांनी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी आमचे हे तिला गाडीतून मुंबईला सोडायला गेले. मला शाळा होती. सहरी, म्हणजे रोजाआधीचं पहाटेचं खाणं, त्या दोघांनी वाटेत गाडीतच केलं, अम्माने पूर्ण इंजेक्शन टोचून घेतलं, आणि साडेनऊला तिचा फोन आला. विमानाच्या दाराशी रांगेत होती. "पोचले की फोन करते," म्हणाली. आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत होती आणि जणू शेजारच्या बिरवाडीला आपल्या बहिणीकडे निघाली होती.

मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. आमचे भूगोलाचे सर जवळच्या कापडे गावचे आहेत, घरची भातशेती, बोलणंही गावचंच. रोज्यांच्या दिवसांत ते बिचारे माझ्याकडे पाठ करून डबा खातात. तसेच पाठमोरे असताना त्यांनी विचारलं, "मॅडम, आई कवा पोचनार?"

"पावणेतीनला."

"उद्या?"

"उद्या कशाला? आजच. दोन तास होत आले निघून, अजून अडीच-तीन तास."

ते वळले. तोंडात घास तसाच. मग हसायला लागले. "मॅडम, आई राकेटमदी बसली काय? लंडन हाय ते!"

मला राग आला. माझ्या आकड्यांवर कुणी हसलं की मला येतोच. म्हटलं, "सर, वेळ मला कळवलेली आहे." त्यांनी हात पुसले, फोन काढला आणि दोन विमानतळांमधलं अंतर शोधून माझ्यासमोर धरलं. सात हजार किलोमीटरच्या वर. प्रवासाचा वेळ सुमारे दहा तास. खाली निळ्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत एक वाकडी रेघ.

"ती पावनेतीनची येळ तिथली हाय मॅडम. आपल्याकडं तवा सव्वाआठ वाजलेले असतील. रातचे."

मी टेबल धरलं. सव्वाआठ. सहरी पहाटे पाचची. पूर्ण इंजेक्शन. आणि दहा तास.

सर अजून काहीतरी बोलत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. एरवी मी घरातलं शाळेत बोलत नाही. ते म्हणाले, "आवो पन इफ्तारचा टाईम झाला का खातील की त्या. पावनेसातला." तेच तर भयंकर होतं. विमान पश्चिमेला चाललेलं. सूर्याच्या मागे मागे. महाडात सूर्यास्ताची, मगरीबची अजान होईल तेव्हा अम्माच्या खिडकीत चक्क ऊन असणार होतं. ऊन दिसत असताना अम्मा रोजा सोडणार? माझी सक्ती सुरू होण्याआधी चाळीस वर्षांत जिने बाळंतपण सोडून एकही रोजा चुकवला नाही ती? माझी अम्मा किती हट्टी आहे ते मला माहीत होतं.

मी यांना फोन लावला. हे माणगावात अडकले होते. माणगावात अडकणं म्हणजे काय ते या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. मी म्हटलं, "अहो, मी खजूर आणि ग्लुकोजचा डबा दिला होता, तो अम्माच्या हातातल्या पिशवीत आहे ना?"

पलीकडे हॉर्नचा नुसता गोंगाट. मग हे म्हणाले, "तो? तो मोठ्या बॅगेत टाकला. वजनाला गेली ती बॅग."

"का पण? का?"

"अम्माच म्हणाल्या, हातात ओझं नको, साडेचार तासांचं तर काम आहे."

माझे शब्द. जसेच्या तसे माझे शब्द. मी फोन ठेवला आणि लगेच बहिणीला लावला. तिकडे पहाट होती, ती झोपेतून उठली. मी आधी तिच्यावर तोंडसुख घेतलं. वेळ लिहिताना 'इथली' असा एक शब्द जास्त लिहायला तुझी बोटं झिजली असती का, असंही म्हणाले. पूर्ण दिवसांच्या पोरीला. ती रडायलाच लागली. "आपा, वेळा जिथल्या तिथल्याच असतात, सगळीकडे. तुला माहीत असेल असं वाटलं मला."

मग तीच आधी सावरली. विमान कंपनीला फोन करते म्हणाली. अर्ध्या तासाने उलटा फोन आला. विमान हवेत आहे, प्रवाशाला फोन देता येत नाही, निरोप वैमानिकापर्यंत पोचवायचा प्रयत्न करू, पोचेलच असं सांगता येत नाही. "आसन क्रमांक विचारला," ती म्हणाली. "आपा, तुला ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हता. यांनाही नव्हता.

दोनच्या तासाला मी आठवीच्या वर्गावर गेले. मुख्याध्यापकांकडे सुट्टी मागता आली असती, पण घरी जाऊन काय करणार होते? फळ्यावर वेग, अंतर, वेळ असं लिहिलं आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. पोरं कुजबुजायला लागली. शेवटी त्यांना वाचत बसायला सांगितलं आणि टेबलाखाली फोन धरला. सरांनी मला एक नकाशा लावून दिला होता, त्यात विमानं पिवळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. अम्माचा ठिपका इराणावर होता. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि ठिपका अजून अर्ध्यावरही आला नव्हता.

डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लंडन? तुम्ही तर साडेचार तास म्हणाला होतात." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. ते म्हणाले, "लक्षणं त्यांना कळतात ना? घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी? मग घेतील काहीतरी गोड मागून. विमानात सगळं मिळतं."

"नाही घेणार, डॉक्टर. रोजा आहे. ती मरेल पण घेणार नाही."

"असं बोलू नका," म्हणाले. पण मला धीर येईल असं काही ते बोलले नाहीत, आणि फोन ठेवण्याआधी त्यांनी विमान किती वाजता उतरणार ते पुन्हा एकदा विचारलं.

साडेचारची महाड गाडी पकडली. उभं राहायलाही जागा नव्हती. बिरवाडी फाट्यावर कारखान्यातून सुटलेले कामगार चढले, कुणीतरी मोठ्याने गाणं लावलेलं, कुणीतरी क्रिकेटवर भांडत होतं. त्या गर्दीत मी एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने ठिपका बघत होते. ठिपका हलतच नव्हता असं वाटायचं. नजर काढून पुन्हा बघितलं की केसभर पुढे. मला सारखी ती भिंतीला टेकलेली अम्मा दिसत होती. तेव्हा निदान मी आले होते. विमानात तिच्या शेजारी कोण असेल? तिला घाम फुटला तर शेजारच्याला वाटेल म्हातारीला उकडतंय. डोळे मिटून बसली तर वाटेल झोपली. चादर घालतील अंगावर. माणूस मरतं आणि लोक त्याच्या अंगावर चादर घालून पिक्चर बघत बसतात, असं काहीबाही डोक्यात येऊन मी दांड्याला कपाळ टेकवलं. एका कामगाराने उठून जागा दिली. "बसा ताय, रोजा हाय ना तुमचा," म्हणाला. मी बसले आणि रडले. त्याला वाटलं असेल भुकेने.

घरी आले. हे आधीच पोचले होते, ओट्यावर डोकं धरून बसलेले. काही बोलले नाहीत, ते बरं केलं. एक शब्द बोलले असते तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं.

पावणेसातला अजान झाली. मी खजूर तोंडात घातला. इथे सूर्य बुडाला होता, रस्त्यावर दिवे लागले होते, समोरच्या घरातून भज्यांचा वास येत होता, आणि तिकडे ठिपका जर्मनीवर होता. तिथे भरदुपार. मी उपास सोडला होता आणि तिचा अजून चालू होता, माझ्यामुळे. मी पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि नमाजाच्या मुसल्ल्यावर जाऊन बसले. मला दुआ मागता येईना. नुसतं 'या अल्लाह, तिला हट्ट सोडायला लाव' एवढंच पुन्हा पुन्हा. आणि मधेच तिचा रागही यायचा. मुसाफिराला रोजा माफ आहे, आजाऱ्याला माफ आहे, मी तिला शंभर वेळा सांगितलंय. देवाने सूट दिली तरी हिला नको. कसली ही अक्कड!

सव्वाआठला ठिपका लंडनवर घिरट्या घालत होता. आठ पंचविसाला नाहीसा झाला. म्हणजे उतरलं, असं हे म्हणाले. मला मात्र तो ठिपका नाहीसा झालेला बघवेना.

मग फोनची वाट. बहीण विमानतळावर बाहेर उभी होती. पाच मिनिटांनी मी, पाच मिनिटांनी हे, आळीपाळीने तिला फोन. "अजून नाही. अजून नाही, आपा. सगळे बाहेर येतायत, अम्मा नाही." नऊ वाजले. बहिणीचा आवाज पातळ होत चालला होता. मी यांना म्हटलं, "मी अम्माला मारलं." हे म्हणाले, "गप्प बस." आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले.

नऊ वाजून गेल्यावर फोन वाजला. बहीण हुंदके देत होती आणि मला एक अक्षर कळेना. मी किंचाळले, "जिवंत आहे का?"

"आहे, आहे! चाकाच्या खुर्चीत आहे. बोलतेय. आपा, बोलतेय ती!"

मी जिन्याच्या पायरीवर बसकण मारली. तिकडून तुकड्या तुकड्यांनी कळलं ते असं. उतरायला दोन-अडीच तास असताना शेजारच्या सीटवरच्या गुजराती म्हातारीने अम्माचा हात धरून बघितला, तो बर्फासारखा गार आणि चिंब. तिने आरडाओरडा करून विमानातल्या बायकांना बोलावलं. प्रवाशांत एक नर्स निघाली. अम्मा पेला तोंडाजवळून दोनदा ढकलत होती. शेवटी त्या सगळ्यांनी मिळून तिच्या तोंडात चमचा चमचा संत्र्याचा रस घातला. वैमानिकाला निरोप पोचला होता की नाही, ते आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. ती गुजराती म्हातारी नसती तर, या वाक्याच्या पुढे मी कधी जात नाही.

बहिणीने फोन अम्माकडे दिला. "हॅलो," अम्मा म्हणाली. थकलेली, पण तीच. आणि माझा दिवसभराचा सगळा धसका रागाच्या रूपाने बाहेर पडला. "तुला काही कळतं का गं? जीव गेला असता! प्रवासात रोजा माफ असतो, कितीदा सांगितलं तुला! पेला ढकलत होतीस? कसला एवढा हट्ट? कुणाला दाखवायचा होता?"

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रोज्यासाठी नाय गो ढकलला मी."

"मग?"

"रोजा मी कवाच सोडायला तयार हुते. दोन वाजल्यापास्नंच हात कापाय लागलेले. मला कळलं ना, ह्ये टाकीजवळच्यासारखं होतंय. पन तू पावनेतीन म्हनलीवतीस. म्हटलं, आता उतरतोयच, पोरीजवळ बसूनच रोजा सोडू, अर्ध्या तासासाठी हितं कशाला. पावनेतीन झाले. तीन झाले. म्हटलं इमान लेट झालं असंल, आपली गाडी नाय का होत. चार झाले, पाच झाले. म्हटलं आता तर उतरंलच. बाजूची बाई म्हनत हुती, अजून लय येळ हाय बेन, खाऊन घे कायतरी. मी म्हटलं तिला काय कळतंय. माझी पोर गनिताची मास्तरीन हाय. तिचा हिशोब चुकायचा नाय."

दिवसभर मी तिच्या हट्टाला शिव्या घातल्या होत्या. अल्लाहकडे सुद्धा तिच्या हट्टाचीच तक्रार केली होती.

"हॅलो? हाईस ना गो?" अम्मा म्हणाली. "ऐक. हिकडं अजून ऊन हाय चांगलं. ही म्हनते साडेतीन वाजलेत, माझ्या घड्याळात नऊ. रातचं इंजेक्शन कवा घेऊ? हितल्या घड्याळानं का आपल्या? ही पोरगी म्हनते डॉक्टरला इचारू, पन मी म्हटलं कशाला, आपा सांगंल. तू सांगशील तवा घेते."

ती थांबली होती. हे शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बोटांवर तास मोजायला लागले आणि तिसऱ्या बोटावर थांबले.

"अम्मा," मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"असं कसं?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या आवाजात मला भीती ऐकू आली. "मग कुनाला इचारू मी?"